माझ्या पाठीमागे झोपलेली मुलगी

मी चित्रशाळेच्या भिंतीवरची पितळी पाटी बोलतेय. पाट्या बोलत नाहीत, त्या वाचायच्या असतात, हे मला ठाऊक आहे. पण मला वाचतंय कोण? मुलं माझ्याकडे बघतात ती आपले केस नीट आहेत का हे पाहायला. माझ्या कोपऱ्याला पिशव्या अडकवतात, ओले ब्रश माझ्यावरच झटकतात. तेव्हा आज वाचणं राहू द्या. आज ऐका, आणि जरा लवकर ऐका, कारण हातात वेळ फार थोडा आहे.

माझ्यावर लिहिलंय ते थोडक्यात असं, की मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणाऱ्या अमुक बाई या खोलीत चित्रकला शिकल्या. त्यांचं नाव माझ्या छातीवर कोरलेलं आहे, पण मी त्यांना नावाने कधी हाक मारली नाही. त्यांची बहीण त्यांना ताई म्हणते, म्हणून मीही ताईच म्हणते. आणि त्या बहिणीला मी धाकटी म्हणते. धाकटीचे केस कधीच पांढरे झालेत, तिला नातवंडंही आहेत, पण धाकटी ती धाकटीच.

हे झालं माझ्या पुढच्या बाजूचं. माझ्या पाठीमागे भिंतीवर काय आहे, ते मी सोडून कोणाला माहीत नाही. धाकटी उभा जन्म जे शोधत फिरली, ते माझ्या पाठीमागे आहे. होतं म्हणू की आहे म्हणू, हेच आज मला कळेनासं झालंय.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या दुकानात झाला. दारावरच्या नावाच्या पाट्या, शर्यतींचे चषक, दुकानांचे फलक असं सगळं तिथे बनायचं. कोरणारा जाड भिंगाचा चष्मा लावायचा आणि काम करताना स्वतःशीच भांडायचा. मी तेव्हा नुसता पत्रा होते. माझ्या एका बाजूला दंतवैद्याची पाटी होती, दुसऱ्या बाजूला कुठल्याशा वकिलाची. दोघंही आपापल्या पदव्यांचा तोरा मिरवत पडले होते आणि माझा मजकूर काही केल्या ठरत नव्हता.

ठरणार कसा? मजकुरासाठी समिती नेमली होती. समितीतले एक गृहस्थ दर खेपेला येऊन एक शब्द बदलून जायचे. ‘थोर’ घालायचं की ‘ख्यातनाम’, यावर बरेच दिवस घोडं अडलं होतं. मग एकदा ते घाईघाईने आले.

"खाली पाहुण्यांचं नाव येऊ द्या. पाटीचं अनावरण त्यांच्या हस्ते आहे."

"अक्षर केवढं?" कोरणाऱ्याने विचारलं.

"बाईंच्या नावाएवढं नको. पण अगदी बारीकही नको. वाईट वाटायला नको त्यांना."

"बाईंना?"

"बाई गेल्या हो. पाहुण्यांना."

कोरणाऱ्याने मान हलवली आणि चष्मा पुसला. बाकी सगळा मजकूर त्याने भराभर उरकला. ताईचं नाव मात्र शेवटी, दुपारी दार लोटून घेऊन, सावकाश कोरलं. त्याच्या मुलीने लहानपणी ताईच्या चित्रांचं एक पुस्तक पार चिंध्या होईपर्यंत पाहिलं होतं. "त्यातली ती झोपाळू पोर," तो छिन्नीशी बोलत होता, "आमच्या घरात ती एक जास्तीचं माणूसच होती. तिला उठवू नका म्हणून आमची ही पान हळू उलटायची." कोण झोपाळू पोर, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

मला कुठे लावायचं यावरूनही समितीत जुंपली. कोणी म्हणालं फाटकावर, कोणी म्हणालं जिन्याच्या तोंडाशी. फाटकावर लावली असती तर आज मी सुखाने काळवंडत बसले असते. पण तेव्हाच्या मुख्याध्यापकांना एक चांगली कल्पना सुचली आणि त्या चांगल्या कल्पनेनेच घात केला. ते म्हणाले, "बाई जिथे उभ्या राहून शिकल्या, नेमकी ती जागा शोधू. त्यांचे सर अजून आहेत. त्यांनाच विचारू."

इथे तुम्हाला या शाळेची एक जुनी रीत सांगायला हवी. मलाही ती भिंतीनेच सांगितली. भिंत फार बोलघेवडी आहे, फक्त तिचा आवाज बसलेला आहे.

ते सर पहिल्या वर्षाच्या मुलांना कागद देत नसत. ते भिंत देत. रेखाटनाच्या खोलीत प्रत्येकाला खिडकीच्या झडपेएवढा भिंतीचा तुकडा मिळायचा आणि कोळशाची कांडी. वर्षभर त्याच तुकड्यावर काढायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं. "कागद बिघडला की तुम्ही चुरगळून फेकता आणि मोकळे होता," सर म्हणायचे. "भिंत चुरगळून दाखवा." वर्ष संपलं की ज्याने त्याने आपल्या हाताने आपल्या तुकड्याला चुना लावायचा. शेवटचं चित्र कितीही चांगलं उतरलेलं असो, लावायचाच. मुलं त्याला ‘पांढरं करणं’ म्हणत. पांढरं करताना कोणाला रडू आलं तर सर खोलीबाहेर जाऊन उभे राहत, पण सूट कोणालाच देत नसत.

ताईचा वर्ग भिंतीवर शिकलेला शेवटचा वर्ग. पुढच्या वर्षी सर निवृत्त झाले आणि खोलीत कागद आले, कागद लावायचे फळे आले, ते टेकवायला लाकडी घोडे आले. भिंत रिकामी झाली ती कायमची.

तर त्या सरांना आणलं. दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून ते खोलीभर फिरले. भिंतीवर तळवा टेकत टेकत खिडकीशेजारी आले आणि थांबले.

"इथं," ते म्हणाले. "ही तिची जागा. उजेड डावीकडून येतो म्हणून भांडून घेतली होती."

धाकटी तिथेच उभी होती. तिने विचारलं, "सर, इथेच ती मला काढायची ना?"

"तुलाच. इथं स्टुलावर बसल्या बसल्या झोपायचीस. तिचं शेवटचं चित्रही तुझंच."

"कसं होतं ते?"

सरांनी भिंतीवरचा तळवा काढून घेतला. "पांढरं केलं ना तिने," ते म्हणाले. "मीच करायला लावलं."

मग मिस्त्रीने पेन्सिलीने खुणा केल्या, भोकं पाडली आणि चार कोपऱ्यांत चार स्क्रू मारून मला तिथे बसवलं. ओल लागू नये म्हणून मागे रबराच्या चकत्या घातल्या, त्यामुळे माझ्यात आणि भिंतीत बोटभर फट राहिली. पाहुणे आले, पडदा ओढला, टाळ्या वाजल्या. या इमारतीत एवढ्या भिंती असताना, जी तेवढी झाकायची नव्हती तीच सगळ्यांनी मिळून मोठ्या मानाने झाकली. दुसऱ्या कुठल्या लोकांना हे जमलं नसतं. ज्यांना ताईबद्दल खरोखर आदर होता, त्यांनाच ती जागा शोधून काढावीशी वाटली.

समारंभानंतर समितीतलं कोणी पुन्हा फिरकलं नाही. धाकटी मात्र अधूनमधून येत राहिली. आली की माझ्यासमोर स्टूल ओढून बसायची आणि जवळपास जो असेल त्याच्याशी बोलायची. बहुतेक वेळा तो शाळेचा शिपाई असायचा. माणूस चांगला, कामाला कधी नाही न म्हणणारा, फक्त कुठलंही काम अर्ध्यावर राहिलेलं त्याला बघवत नाही. त्याचा हा गुण पुढे मला फार महागात पडला.

धाकटीच्या बोलण्यातूनच मला सगळं कळलं. त्यांची आई दिवसभर कामावर जायची, घरी दुसरं कोणी नव्हतं. म्हणून ताई तिला बोटाला धरून शाळेत आणायची आणि स्टुलावर बसवायची. थोड्या वेळाने धाकटीची मान कलायची.

"ते स्टूल असं डुगडुगायचं म्हणता," ती शिपायाला सांगायची. "मी कधी पडले कशी नाही, याचं मला अजून नवल वाटतं."

"लहान मुलांना सांभाळणारा असतो कोणीतरी," शिपाई म्हणायचा.

ती झोपली की ताई तिला काढायला घ्यायची आणि ती उठायच्या आत पुसून टाकायची. कारण एकदा धाकटीने जागं होऊन चित्र पाहिलं होतं आणि माझं नाक एवढं मोठं नाही म्हणून सगळी खोली डोक्यावर घेतली होती. तेव्हापासून ताईने तिला चित्र दिसूच दिलं नाही. पुढे पुस्तकांत ती झोपाळू मुलगी आली ती धाकटीवरूनच, पण ती गुटगुटीत, गुलाबी गालांची, सगळ्यांना आवडेल अशी बेतलेली. मूळ चित्रं छापखान्यात जायची ती परत यायची नाहीत. परत मागायची असतात हेही तेव्हा कोणाच्या डोक्यात येत नसे. छापखाना बंद पडला आणि त्याच्याबरोबर चित्रांचे गठ्ठेही रद्दीत गेले. ताई गेली तेव्हा घरात तिच्या हातची एक रेघ उरली नव्हती.

"छापलेलं घरभर आहे हो," धाकटी म्हणायची. "हातचं काही नाही. मला एकदाच बघायचंय, ती माझ्याकडे कशी बघायची ते."

ती प्रकाशकाच्या मुलाकडे जाऊन आली, पुस्तकं बांधणाऱ्याकडे जाऊन आली, ताईच्या मैत्रिणींची दारं झिजवून झाली. शिपायाने शाळेतली जुनी कपाटं उपसली. सगळीकडून हात हलवत परत यायची आणि येऊन माझ्यासमोर बसायची. मला वाईट वाटायचं, पण तोवर माझ्याजवळही तिला द्यायला काही नव्हतं.

मग गच्चीवरचं पाणी भिंतीत मुरायला लागलं. कोळशाच्या रेघेवर लावलेला चुना कधी मनापासून धरत नाही. इतकी वर्षं रंगारी येऊन माझ्या कडेकडेने ब्रश मारून जात होते, माझ्या मागे कोणाचा हात जात नव्हता. ओल लागली तसा तिथला जुना चुना पापुद्र्या-पापुद्र्याने सुटायला लागला आणि फटीतून खाली पडायला लागला.

सफाईवाली मावशी वैतागली. "या पाटीला कोंडा झालाय," ती शिपायाला म्हणाली. "रोज झाडते, रोज पांढरं. हिला औषध लावा काहीतरी." शिपाई पोट धरून हसला. पुढे ते शाळेत सगळ्यांच्या तोंडी झालं. कोंडेवाली पाटी म्हटलं की मुलं खिडकीशेजारी येऊन उभी राहायची. पण कोंडा येतो कुठून, हे बघायला कोणी फटीत डोळा लावला नाही.

मला मात्र पाठीने सगळं दिसत होतं. आधी एक छोटा पाय दिसला, मोजा अर्धा उतरलेला. मग दुसरा पाय, गुडघ्यावर खपली धरलेला. मग स्टुलाची कड, लोंबणारा हात, मुठीत विसरलेलं अर्धं बिस्किट. घरीच कापलेले वेडेवाकडे केस. उघडं तोंड. आणि नाक. नाक खरंच मोठं होतं, आणि ताईने तिथे कोळसा मुद्दाम दाबला होता, हसत हसत दाबला असणार. पापण्यांवर मात्र कांडी नुसती टेकून उचललेली, जणू आवाज झाला तर पोर उठेल.

पुस्तकातल्या त्या गुलाबी मुलीत आणि हिच्यात काही साम्य नव्हतं. ही हडकुळी होती, थकलेली होती, आणि कोणीतरी तिच्याकडे खूप वेळ, जराही कंटाळा न करता बघितलं होतं.

सगळ्यात खाली, स्टुलाच्या आडव्या दांडीवर आणखी एक पाय होता. मोठा, चपलेतला. तो ताईचा स्वतःचा. स्टूल डुगडुगू नये म्हणून ती एक पाय त्या दांडीवर दाबून, दुसऱ्या पायावर उभी राहून चित्र काढायची. वर्षभर तिने असंच काढलं होतं. भिंत म्हणाली, पांढरं करायच्या दिवशी बाकीचे भसाभस चुना फासत होते आणि ही एकटी पातळ पाण्यासारखा चुना हलक्या हाताने लावत होती.

त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. धाकटी समोर बसलेली असायची, ते चित्र तिच्या हाताच्या अंतरावर असायचं, आणि मध्ये मी. पडदा म्हणावा तर वाऱ्याने तरी हलतो.

पितळेला करता येण्यासारखं फार काही नसतं. काळवंडायचं आणि उन्हात फुगायचं, एवढंच. मी आधी काळवंडले. अक्षरांच्या खाचांत हिरवट पुटं चढवली, म्हटलं पॉलिशला तरी उतरवतील. नव्या मुख्याध्यापिका आल्या होत्या. त्यांनी मला भिंतीवरच घासून घेतलं. "खाली उतरवू नका," त्या शिपायाला म्हणाल्या. "अशा गोष्टी एकदा उतरवल्या की पुन्हा चढत नाहीत. माळ्यावर जातात." त्यांचं काही चुकलं नव्हतं. माळ्यावर माझी किती भावंडं पडली आहेत, मला माहीत आहे.

मग मी दुसरा उद्योग धरला. दिवसा उन्हाने फुगायचं, ऊन गेलं की आकसायचं, आणि दर वेळी स्क्रूला एवढासा धक्का द्यायचा. किती उन्हाळे गेले त्याची गणतीच नाही. शेवटी वरच्या कोपऱ्यातला एक स्क्रू सुटून टणकन खाली पडला, तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं. आणि तो पडलेला सापडला कोणाला, तर धाकटीला.

"अहो, पाटी सुटतेय," तिने शिपायाला हाक मारली. "पक्की करा हो. तिचं म्हणून एवढंच तर उरलंय."

शिपायाने लगेच नवा स्क्रू आणला आणि पिळून बसवला. धाकटीने मला चहूबाजूंनी हलवून पाहिलं, तेव्हा कुठे तिचं समाधान झालं. तिथून पुढे ती आली की आधी माझे चारही कोपरे दाबून बघायची. जिच्यासाठी मी सुटायला बघत होते, तीच मला घट्ट करून जायची. कपाळावर हात मारून घ्यावा म्हटलं तर मला हातही नाहीत.

यंदा तर सगळंच हाताबाहेर गेलं. ज्या ओलीने चित्र उघडं केलं, तीच आता ते खायला लागली. भिंतीला मीठ फुटलं. रेघा फुगल्या, पसरल्या, त्यांचं पीठ व्हायला लागलं. बिस्किटाची कड गेली. केसांचा काळा डाग झाला. रोज सकाळी मी पाठीने चाचपून बघायचे, आज काय गेलं.

आणि धाकटीचे डोळे. मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं, असं ती शिपायाला सांगत होती. समोरच्या माणसाचा चेहरा जातो आणि कान तेवढे दिसतात. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की आहे तेही हळूहळू जाणार. ती काठी घेऊन यायला लागली, माझी अक्षरं बोटांनी वाचायला लागली. तरी मी आशा सोडली नव्हती. लांब उभं राहून, मान तिरकी करून, चांगल्या उजेडात बघितलं तर तिला अजून आकार कळत होते. स्टुलावर कललेली एक लहान मुलगी तिला नक्की कळली असती. फक्त मी वेळेवर सुटायला हवं होतं. हा सगळा उन्हाळा मी जिवाच्या आकांताने चारही स्क्रूंशी झुंजले.

आज सकाळी ती आली. शाळेला सुट्टी आहे, खोलीत चिटपाखरू नव्हतं, खिडकीतून डावीकडून लख्ख ऊन येत होतं. शिपाई तिला हाताला धरून घेऊन आला.

"लेकीकडे राहायला चाललेय," ती त्याला म्हणाली. "लांब आहे ते. आता काही येणं व्हायचं नाही. ती खाली गाडीत थांबलीय, म्हटलं पाच मिनिटं वर जाऊन येते."

तिने माझ्यावर हात ठेवला. ताईच्या नावावरून बोटं फिरवली. मी जेवढं होतं तेवढं सगळं बळ एकवटलं आणि अंग सोडून दिलं. खालचे दोन स्क्रू निसटले, वरचा एक निसटला, आणि मी उरलेल्या एका स्क्रूवर झुलत बाजूला लोंबकळले. भिंत उघडी पडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या झोपलेल्या मुलीवर ऊन पडलं.

"अगंबाई," धाकटी म्हणाली.

शिपाई वाकून स्क्रू गोळा करत होता. त्याने तिथूनच मान वर केली. इतक्या जवळून, खालून वर, त्याला काय दिसणार? पसरलेलं काळं दिसलं आणि त्यावर पांढरं मीठ.

"बुरशी चढलीय मागे," तो म्हणाला. "सगळं काळं काळं झालंय."

धाकटी भिंतीला जवळजवळ नाक लावून उभी होती. तिने मान तिरकी केली. मी ओरडत होते, मागे हो, जरा मागे हो, खिडकीपाशी जा आणि तिथून बघ. तिने डोळे बारीक केले, मग सोडून दिलं. "मला नाही बाई काही दिसत," ती म्हणाली. "पण तिच्या जागेवर बुरशी नको. फडकं आहे का?"

"आणतो. येताना लांब स्क्रूच घेऊन येतो, म्हणजे पुन्हा कटकट नको."

तो गेला. धाकटीला थांबवेना. तिने पर्स उघडली, स्वच्छ पांढरा रुमाल काढला, एका हाताने मला बाजूला धरलं आणि दुसऱ्या हाताने भिंत पुसायला लागली. खालून वर.

पहिल्यांदा दांडीवरचा ताईचा पाय गेला. मग स्टूल. अर्धा उतरलेला मोजा, खपली, लोंबणारा हात, मूठ. कोळसा इतका भुसभुशीत झाला होता की रुमाल फिरला की रेघ नाहीशी व्हायची. ती फार हळुवार पुसत होती, आजारी माणसाचं अंग पुसावं तसं. मी तिच्याच हातात होते आणि मला तिला काही म्हणजे काहीच सांगता येत नव्हतं.

"निघतंय हो छान," ती जिन्याच्या दिशेने म्हणाली.

हनुवटीपर्यंत आली तेव्हा खाली गाडीचा हॉर्न वाजला. ती थांबली. तिने काळी बाजू आत घालून रुमालाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली.

शिपाई लांब स्क्रू घेऊन आला. मला सरळ करून, एकेक स्क्रू दम लागेपर्यंत पिळून त्याने बसवला. "आता भिंत पडली तरच ही पडेल," तो म्हणाला.

"बरं केलंत." तिने माझे चारही कोपरे दाबून पाहिले. मग काठी घेतली. "बघा ना, एवढं शोधलं, शेवटपर्यंत तिच्या हातचं काही मिळालं नाही. असो. येते गं ताई."

काठीचा आवाज जिन्यावरून खाली गेला. गाडी सुरू झाल्याचं मी ऐकलं.

त्याला आता थोडाच वेळ झालाय. माझ्या पाठीमागे तिचं नाक उरलंय, उघडं तोंड उरलंय आणि त्या दोन पापण्या. वर केसांचा काळा डाग, खाली सगळं पांढरं. लांब स्क्रूंशी झुंजायचं बळ आता माझ्यात नाही, आणि ओल काही माझ्यासाठी थांबणार नाही. तुमच्यापैकी कोणी जर या खोलीत आलात, तर कृपा करून माझ्यावरचं वाचत बसू नका. स्क्रूड्रायव्हर आणा, मला उतरवा, हवं तर माळ्यावर फेकून द्या. मग खिडकीपर्यंत मागे जा आणि भिंतीकडे बघा. आणि जे दिसेल ते धाकटीला जाऊन सांगा, तिला अजून ऐकू चांगलं येतं.

पण तुम्ही याल तेव्हा याल. गाडी रस्त्यात आहे. ती लेकीच्या घरी पोहोचेल, हातपाय धुवेल, पर्स रिकामी करेल. लेक म्हणेल, आई, केवढा मळलाय हा रुमाल, दे इकडे.

देऊ नकोस गं धाकटे. तो पाण्यात घालू नकोस. तिच्या हातची तू आहेस त्यावर.